चांगल्या नवऱ्याची बायको

कॅनडात मिसिसागाच्या आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवारी दुपारी कराओके असायचं. तिथे पन्नाशीच्या एक जपानी बाई यायच्या. नाव मी कधी विचारलंच नाही. बूट काढून त्या आधी मशीनला वाकून नमस्कार करायच्या, मग माइक दोन्ही हातांनी धरून आपल्या तरुणपणची जपानी गाणी म्हणायच्या. सगळी विरहाचीच असावीत, कारण कडव्याकडव्याला त्या रडायच्या. गाणं संपलं की डोळे पुसून थेट समोशांच्या ट्रेकडे.

एकदा मी न राहवून इंग्रजीत विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम! नवरा फार चांगला आहे, हॉकी बघतोय. पण त्याच्यासमोर रडलं की तो घाबरतो, डॉक्टरकडे नेतो. म्हणून इथे येऊन रडते."

एका शनिवारी त्यांनी माइक माझ्याच हातात कोंबला. मशीनमध्ये मराठी गाणं एकही नव्हतं. "मग नुसतंच म्हण!" ऐनवेळी मला एक अंगाई तेवढी आठवली. दुसऱ्याच ओळीला मला रडू फुटलं. बाई टिश्यूचा डबा घेऊन धावत आल्या.

"कोणत्या नालायकाने सोडलं तुला?"

"कोणी नाही हो. हे बाळाला झोपवायचं गाणं आहे."

"बाळ कुठाय?"

"इथे कॅनडातल्याच लंडनला, युनिव्हर्सिटीत. कालच हॉस्टेलवर सोडून आलो."

बाईंनी खुर्ची ओढली, अगदी माझ्यासमोर बसल्या आणि मांडीवर टिश्यूचा डबा ठेवून म्हणाल्या, "पहिल्यापासून म्हण. आता मीपण रडते."