टेपरेकॉर्डरवर ठेवलेला हात

माझ्या थोरल्या भावाला उजव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही, आणि डाव्यानं समोरच्यानं ओरडलं तरच. सुरतेत कापड विणायच्या लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाचं असं होतं, त्यात नवल नाही. पण त्याचे कान जायला लागले तेव्हा त्याच्याबरोबर एका खोलीत मी राहत होतो, आणि मी स्वतःला कानांचा मोठा जाणकार समजत होतो. याबद्दल मी आधी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा स्वतःला बरा माणूस ठरवून उठलो. या वेळी तसं करायचं नाही.

आमची खोली सुरतेतल्या गोडादऱ्यात होती. दादा सोळाव्या वर्षी धुळ्याकडच्या आमच्या गावाहून आला आणि खात्यात लागला. लूमच्या कारखान्याला आम्ही सगळे खातंच म्हणायचो. माझी बारावी झाल्यावर त्यानं मला कॉलेजसाठी आणून घेतलं. तो बारा तासांच्या पाळीवर जायचा आणि मी पुस्तकं घेऊन बसायचो, किंवा बसलोय असं दाखवायचो.

नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं होती. कॉलेजातल्या एका मुलाचा मामा परदेशात होता. त्याच्याकडून मला पहिल्यांदा एक इंग्रजी रॉक अल्बम ऐकायला मिळाला आणि माझं डोकं फिरलं. एकेक गाणं अकरा-बारा मिनिटांचं, एकातून दुसरं निघालेलं. ऑर्गन कुठे थांबतो आणि गिटार कुठे सुरू होते, ते कळायचं नाही. पुढे नव्या पठडीतले बँडही सापडले. आधी कुजबुजल्यासारखं गायचं, मग एकदम भिंत कोसळल्यासारखं. मला शब्द निम्मेच कळायचे, पण ऐकायचे कायदे मी ठरवून टाकले होते. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही, गाणं पुढे ढकलायचं नाही. हे कायदे पाळायला दुसरं माणूस मात्र कुठेच मिळेना. वर्गातल्या मुलांना सिनेमाची गाणी हवी असायची नाहीतर नवरात्रातला गरबा. कुणाला पाच मिनिटं बसवलं की तो विचारायचा, यात गाणं कधी सुरू होणार?

त्यात कॅसेटवाला. स्टेशनजवळच्या एका गल्लीत एक काका सीडीवरून कॅसेट भरून द्यायचे. माझा सगळ्यात लाडका अल्बम त्रेसष्ट मिनिटांचा होता आणि त्यांनी तो साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरला. शेवटची तीन मिनिटं गायब. मी भांडायला गेलो तर त्यांनी चहाचा घोट घेत मला समजावलं, "छेल्ले तो खाली टुंटुं छे, भाई." शेवटी नुसतं टुंटुंच आहे म्हणे. ज्या माणसाला शेवटाची किंमत कळत नाही त्याच्याशी काय बोलणार? पायऱ्या उतरताना मला अक्षरशः रडू येत होतं.

त्या अल्बमात एक गोष्ट होती. एक माणूस कारखान्यातून सुटतो आणि घरी जायच्या ऐवजी समुद्राकडे चालायला लागतो. साठ मिनिटं तो चालतो, त्याला जुनी माणसं आठवतात, वाटेत वादळ होतं. तो घरी परत येतो की नाही, ते त्या तीन मिनिटांत असणार, असं मी धरून चाललो होतो.

अखेर श्रोता मिळाला तो दादा. एका सुट्टीच्या दिवशी तो आपणहून म्हणाला, तू काय ऐकतोस ते मला ऐकव. मला एवढा आनंद झाला की मी आधी त्याला सगळी गोष्ट सांगितली. त्यानं मन लावून ऐकली आणि विचारलं, तो माणूस घरी का जात नाही, घरात भांडण आहे का? भांडण नाही, त्याला कंटाळा आलाय, असं मी म्हणालो. दादा म्हणाला, कंटाळा तर मलाही येतो, पण मग जेवायला कुठे जायचं? मी कपाळाला हात लावला आणि कॅसेट सुरू केली.

तो अल्बम सुरू होतो तो जवळजवळ काहीच न वाजता. लांबून वारा यावा तसं काहीतरी, दीड-दोन मिनिटं. दादानं हात पुढे केला आणि आवाज वाढवला. मी कमी केला. त्यानं पुन्हा वाढवला. मग ड्रम आले आणि खोलीतली भांडी वाजायला लागली. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, घरातच लूम टाकला का आता?"

दर सुट्टीला हेच. मी सांगून सांगून थकलो की शांत जागा शांतच ऐकायची असते. तो मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला बटण पुन्हा शेवटपर्यंत फिरवायचा. शिवाय तो डोळे मिटून ऐकायचा नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचा. सिनेमा बघायला आलोय की गाणं ऐकायला, असं मी त्याला एकदा विचारलंसुद्धा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो अख्खा तळवा टेपरेकॉर्डरवर ठेवायचा, बरोबर स्पीकरच्या वर. त्याच्या बोटांच्या भेगांमधलं लूमचं तेल कितीही साबण लावला तरी जायचं नाही. माझ्या टेपरेकॉर्डरवर काळ्या बोटांचे ठसे उमटायचे आणि मी ते रॉकेलच्या चिंधीनं पुसत बसायचो, त्याच्यासमोरच, त्याला दिसेल असं.

एका सुट्टीला माझा तोल गेला. कॅसेटची दुसरी बाजू चालू होती, वादळ संपत आलं होतं, आणि स्पीकर फाटल्यासारखा खरखरायला लागला. इतके दिवस आवाज चढवून त्यानं तो फाडलाच होता. मी त्याचा हात धरून बाजूला केला आणि म्हणालो, "तुला काय फरक पडतो? तुला खडखडाटच लागतो. जा, खात्यात जाऊन बस."

दादानं माझ्या तोंडाकडे बघितलं. हे वाक्य त्याला नीट समजलं, कारण मी ते त्याच्याकडे तोंड करून बोललो होतो. तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्यानंतर मी कॅसेट लावली की तो आपणहून बाहेर जायचा. मला त्याचाही राग यायचा.

दीड-दोन महिन्यांनी तो डबा विसरून गेला आणि मी डबा घेऊन खात्यात गेलो. आत कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. कामगार एकमेकांशी नुसते ओठ हलवून बोलत होते, लांबून, मधे चार लूम सोडून, आणि हसतही होते. दादा माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्यानं एका लूमच्या लोखंडी चौकटीवर तळवा ठेवला होता, तस्साच, अख्खा. नजर दुसरीकडेच होती. मग एकाएकी त्यानं तो लूम थांबवला, वाकला आणि तुटायला आलेला धागा बोटांत धरला. धागा त्याला दिसला नव्हता. हाताला कळला होता.

तेवढ्यात वीज गेली. सगळं खातं एकदम गप्प झालं. मी हाक मारली, "दादा."

खात्यातले सगळे वळून बघायला लागले, माझा भाऊ सोडून.

शेजारच्या माणसानं त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो वळला. डबा पाहून हसला आणि म्हणाला, आज भाजी काय आहे? मी भाजी सांगितली. मला तिथेच सगळं समजलं होतं. तो बटण का फिरवायचा, तोंडाकडे का बघायचा, हात का ठेवायचा. त्याचं वय तेव्हा सव्वीस होतं.

मी काहीच बोललो नाही. हे मला कितीतरी वर्षं कुणाला सांगता आलं नाही. माझ्या कॉलेजची दोन वर्षं उरली होती. मी बोललो असतो तर त्याला लूम सोडावा लागला असता, आणि लूम सुटला की माझं कॉलेजही सुटणार, हा हिशेब मी खात्याच्या दारातून बाहेर पडायच्या आत करून टाकला होता. पुढे एकदा त्यानंच विचारलं. गावाकडचा एक जण सुरतेबाहेर सचिन गावातल्या एका कंपनीत कापडाच्या घड्या घालायच्या कामावर होता, तिथे लूम नव्हते, जागा निघाली होती. दादा म्हणाला, जाऊ का तिकडे? मी म्हणालो, सचिन लांब पडेल, खोली बदलावी लागेल, माझं कॉलेज कसं होणार? त्यानं माझ्या तोंडाकडे बघून सगळं ऐकलं आणि म्हणाला, बरोबर आहे.

तो पुढे आणखी अकरा वर्षं लूमवर होता.

आता दादा-वहिनी सुरतेतच, भेस्तानला मुलाबरोबर राहतात. मी त्याला कानाचं मशीन आणून दिलं. ते तो लावत नाही, देवाजवळच्या डबीत ठेवतो. म्हणतो, त्यात शिट्टी वाजते. डॉक्टरकडे चल, शिट्टी बंद करून आणू, असं मी किती वेळा म्हणालो असेन. तो म्हणतो, मला ऐकू येतं, तुम्ही पुटपुटता. या माणसाशी डोकं लावणं अशक्य आहे.

गेल्या दिवाळीत मी ठरवून गेलो. दुपारी दादा पलंगावर बसला होता. मी समोर खुर्ची ओढली आणि म्हणालो, "दादा, मला तेव्हाच कळलं होतं."

"काय म्हनस?"

मी जरा मोठ्यानं म्हणालो. त्यानं डावा कान पुढे केला. मग मी ओरडलो की तुला ऐकू येत नाही हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी मुद्दाम गप्प बसलो. वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं वाक्य मला बेंबीच्या देठापासून ओरडून म्हणावं लागलं. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, सणाचं कशाला भांडताय?"

दादा मात्र शांत होता. "कान तं मनाच शेतस ना," तो म्हणाला. त्याचेच कान, त्याला माहीत नसेल का? मला माफ कर वगैरे म्हणायला मी पुन्हा श्वास घेतला, तर त्यानं हातानं थांबवलं, खात्यात करायचा तसं, आणि विचारलं, "तो घर उना का?"

कोण घरी आला का? मला आधी कळेचना.

"तो समुद्राकडे चाललेला. तू मला मधेच उठवलं होतं."

आता तो अल्बम माझ्या फोनमध्ये अख्खा आहे, त्रेसष्ट मिनिटं. मी वादळाच्या जागेपासून लावला. दादानं फोन हातात घेतला, उलटा करून बघितला आणि नाराजीनं म्हणाला, यात काहीच हलत नाही. मी पुतण्याचा मोठा स्पीकर शोधला, त्याची वायर सापडेना, ती सापडली तर फोनला जोडता येईना. मी वैतागून घामाघूम झालो आणि दादा पलंगावर बसून शांतपणे बघत राहिला. शेवटी जमलं. मी स्पीकर त्याच्या बाजूला ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. त्यानं वर तळवा ठेवला.

वादळ संपलं आणि शेवटची तीन मिनिटं आली. खरं तर त्यांत काहीच नाही. एक ऑर्गन हळूहळू वाजतो आणि मग वाजत नाही. कॅसेटवाले काका बरोबर होते, नुसतं टुंटुंच आहे. ते थांबल्यावरही दादानं बराच वेळ हात उचलला नाही. मग माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

"ते सांगितलेलं नाही," मी ओरडलो. "तो घरी आला की नाही ते सांगितलेलंच नाही."

"मग एवढा माझ्या अंगावर कशाला धावला होतास?" दादा म्हणाला. तो खरंच चिडला होता. वहिनींनी चहा आणून ठेवला तरी त्यानं त्याला हात लावला नाही, आणि स्पीकरवरचा हातही काढला नाही.