लिचेओतली प्रोफेसर

“तुम्ही हा शब्द बदललात, तर माझी नोकरी गेली म्हणून समजा,” कियारा म्हणाली. तिने अंगातला कोटही काढला नव्हता.

गुरुवारची दुपार होती. ॲन आर्बरच्या एका छोट्या ट्रान्सलेशन ऑफिसात मी इटालियनची कामं बघते. पुण्यात हौस म्हणून शिकलेली भाषा इथे पोटापाण्याला आली. कियाराला एका कॉलेजात इटालियन शिकवायची तीन वर्षांची ऑफर मिळाली होती. अर्जासोबतचा इंग्रजी सीव्ही तिने स्वतःच ऑनलाइन भाषांतर करून पाठवला होता. आता एचआरला मूळ इटालियन सीव्हीचं आणि सोबतच्या नेमणूकपत्रांचं सर्टिफाइड ट्रान्सलेशन हवं होतं, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. सर्टिफाइड म्हणजे ‘हे भाषांतर बरोबर आणि पूर्ण आहे’ असं लिहून खाली अनुवादकाने सही करायची. सही माझी.

अडचण पहिल्याच ओळीत होती. ‘प्रोफेसोरेस्सा, नऊ वर्षं.’ तिने त्याचं ‘प्रोफेसर’ केलं होतं. पण पुढे नाव होतं एका लिचेओचं. लिचेओ म्हणजे चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलांची शाळा. इटलीत तिथल्या शिक्षकांनाही प्रोफेसरच म्हणतात. अमेरिकेत प्रोफेसर म्हटलं की युनिव्हर्सिटी.

“मी खोटं लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “नऊ वर्षं मुलं मला याच नावाने हाक मारत होती.”

“मला माहीत आहे. वाचणाऱ्याला ते कसं कळणार?”

मी बॉसला, लिंडाला, फोन लावला.

“डिक्शनरीत काय आहे?” तिने विचारलं.

“प्रोफेसर.”

“मग तेच लिही. आपण भाषांतर करतो, चौकशी नाही.”

“मग सही तू कर.”

“बाराच्या आत कागद जायला हवेत, मेधा,” एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

मी सोबतची नेमणूकपत्रं वाचायला घेतली. लिचेओच्या आधीची चार वर्षं ‘सुप्लेंते’ म्हणून होती. कियाराच्या इंग्रजी सीव्हीत त्याचं ‘सब्स्टिट्यूट टीचर’ झालं होतं. इथे सब्स्टिट्यूट म्हणजे कुणी आजारी पडलं की सकाळी फोन करून बोलावतात तो.

“तुम्हाला असं आयत्या वेळी बोलवायचे?” मी विचारलं.

“छे. सप्टेंबर ते जून. माझे स्वतःचे वर्ग होते. परीक्षा, मार्क, पालकांच्या भेटी, सगळं मीच.”

कागदांवर तारखा तशाच होत्या. म्हणजे एका शब्दाने ती होती त्याहून मोठी झाली होती आणि दुसऱ्याने लहान. मी दोन्ही शब्द इटालियनच ठेवायचं ठरवलं. सोबत प्रत्येकाचा अर्थ सांगणारी अनुवादकाची टीप.

“पण आजच डिपार्टमेंट हेडला ईमेल करा,” मी तिला म्हटलं. “काय चुकलं ते तुम्हीच सांगा.”

“त्यांना वाटेल, मी फसवलं.”

“माझा कागद आधी पोचला, तर नक्की वाटेल.”

तिने फोन काढून माझ्यासमोरच ईमेल लिहिला. “इंग्रजी तपासाल?” तिने विचारलं. मी दोन शब्द दुरुस्त केले, बाकी तिचंच राहू दिलं. तिने कोट काढलाच नाही, तशीच उठून गेली.

शुक्रवारी अकरा वाजता मी कागद पाठवले. उत्तर आलं नाही. शनिवार-रविवार मला घरात काही सुचेना. माझी सही नीट राहिली होती, पण नोकरी तिची जाणार होती.

सोमवारी डिपार्टमेंट हेडचा फोन आला. “सुप्लेंते असताना वर्गाची जबाबदारी पूर्ण तिची होती, हे नक्की?”

“नेमणूकपत्रात लिहिलंय. पान चार.”

“ठीक आहे,” म्हणून त्यांनी ठेवला.

बुधवारी कियाराने कळवलं. तीन वर्षांची ऑफर मागे घेतली होती. त्याऐवजी एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, बिगिनर्सचे वर्ग. त्या चार वर्षांमुळेच तेवढं तरी मिळालं, असं हेडनी तिला सांगितलं होतं.

“माझ्यावर राग आहे?” मी विचारलं.

“थोडा आहे,” ती म्हणाली. “पण ऑगस्टमध्ये मी वर्गात असेन.”

लिंडाने पुढचे दोन महिने मला एकही सीव्ही दिला नाही. आता देते. शिक्षकाचा सीव्ही हातात आला, की डिक्शनरी उघडण्याआधी मी त्यांनाच फोन करते आणि विचारते: कुठे शिकवत होतात, आणि वर्षातले किती महिने?