उघड्यावरची जार टेस्ट

रेमंड तुस्कानो सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अमिरातीतल्या खोर फक्कान बंदरातल्या एका शीतगृहाच्या गच्चीवर, ऐन ऑगस्टमध्ये. मी कोल्हापूरहून नुकतीच आले होते. पाण्याची केमिस्ट म्हणून ही माझी पहिलीच नोकरी. कूलिंग टॉवरपाशी उभी राहून मी त्यांना कॉलेजातल्या इंग्रजीत पाण्याचा जडपणा समजावत होते. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही मराठी, मी वसईचा. या उन्हात इंग्रजीचा वेगळा घाम कशाला गाळायचा?" मग मला सावलीत नेऊन थंडगार लबन, म्हणजे इथलं ताक, प्यायला लावलं आणि तेच सगळं मराठीत पुन्हा सांगायला लावलं. सांगता सांगता मला स्वतःलाही ते तेव्हा कुठे नीट उमगलं.

सर आता साठ वर्षांचे होत आहेत आणि इथल्या आपल्या मराठी मंडळाने त्यांच्यावर अंक काढायचं ठरवलं, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. कारखान्यांना लागणारं पाणी गाळून, निवळून द्यायचं, हा आमचा धंदा. नळ बिघडेपर्यंत आमची कुणाला आठवण येत नाही. सरांची मात्र सगळ्यांना येते, कारण ते पहाटेच फोन करून आठवण करून देतात. त्यांचे रिपोर्ट इतके लांब असतात की क्लायंट शेवटचं पान आधी वाचतात. शेख झायेद रोडवर ते ज्या वेगाने गाडी चालवतात, त्या वेगाने दुबई मरीनाला पोहोचेपर्यंत मीटिंग संपलेली असते. हे सगळं मी आदरानेच लिहिते आहे. ते वाचून हसतील, हे मला ठाऊक आहे.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचं तर माझ्या मुलीचं सांगायला हवं. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी सर आणि त्यांच्या पत्नी ग्रेसीताई नाताळात कुलकुलांचा फराळ घेऊन यायचे. मुलगी इंग्रजीत बोलू लागली की सर गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "बाळा, मला इंग्रजी येत नाही." तिने त्यावर बरीच वर्षं विश्वास ठेवला आणि या एका माणसासाठी ती मराठी शिकली. एकदा आमच्याच सोफ्यावर बसून ते एका क्लायंटला फोनवर फर्ड्या इंग्रजीत झापत होते. मुलगी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "अंकल, यू लाइड टु मी!" सर म्हणाले, "हो गं, खोटं बोललो. पण तुझं मराठी खरं झालं ना?" त्या दिवसापासून ती त्यांच्याशी मुद्दाम मराठीतच भांडते.

पण सर मला खऱ्या अर्थाने कळले ते इथून फार दूर, आइसलंडमध्ये. तिथल्या एका मासळीच्या कारखान्याला हिमनदीच्या ओढ्याचं पाणी निवळून देण्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. ते पाणी दिसायला ताकासारखं, ज्वालामुखीची बारीक राख आणि दगडाचं पीठ मिसळलेलं. त्यात तुरटीसारखं औषध घातलं की गाळाच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसतात. औषध किती आणि कसं घालायचं, ते आधी काचेच्या भांड्यांत करून पाहायचं. तीच जार टेस्ट. सरांनी सुरुवातीलाच जाऊन ती स्वतः केली होती. प्लांट उभा राहिला, आणि टाकीतून पाणी गढूळच्या गढूळ बाहेर पडू लागलं.

प्लांट चालवायला आमच्याकडून दापोलीचा सलीम मुकादम गेला होता. चोख माणूस. नुकतंच त्याने बायकोला आणि मुलांना शारजात आणलं होतं, मुलांना शाळेत घातलं होतं. सर आणि मी तिथे पोहोचलो त्याच दिवशी दुबईहून मॅनेजरचा व्हिडिओ कॉल आला. "डोसिंग ठीक से नहीं किया होगा. उसको वापस भेजो, व्हिसा कॅन्सल. खलास." सलीम शेजारीच उभा होता. तो सरांकडे पाहून एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलंत तसाच पंप चालवला मी." बायकोमुलांचा व्हिसा त्याच्याच नोकरीवर होता; ती गेली असती तर सगळं बिऱ्हाड माघारी जाणार होतं.

सरांनी मॅनेजरला थांबायला सांगितलं आणि लॅबमध्ये पुन्हा टेस्ट केली. झकास गुठळ्या झाल्या. सगळा दोष सलीमवरच येणार, असं दिसत होतं. सरांनी भांड्याला हात लावून पाहिला. मग त्यांनी कोट चढवला आणि सगळी भांडी उचलून बाहेर टाकीच्या काठावर नेली. बोचऱ्या वाऱ्यात ओढ्याचं ताजं पाणी घेऊन तीच टेस्ट केली. एकही गुठळी नाही.

आम्हा आखातातल्या माणसांची एक सवय आहे. बाहेर पाणी तापलेलं असतं, म्हणून नमुना आत एसीत आणून ठेवायचा आणि मग तपासायचा. सरांनी तिथेही तेच केलं होतं. पण तिथली लॅब जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यावर उबदार ठेवलेली. आत आणलेलं पाणी कोमट व्हायचं, औषध त्यात लागू पडायचं. टाकीतलं पाणी बर्फासारखं. त्यात ते औषध नुसतं पडून राहायचं.

सरांनी क्लायंटलाही कॉलवर बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर, आधी इंग्रजीत, मग हिंदीत सांगितलं, "सलीम का कोई कसूर नहीं. टेस्ट मैंने की, गरम कमरे में की. गलती मेरी है." मॅनेजरने सुचवलं की कारण 'हवामान' असं सांगता येईल. सर म्हणाले, "हवामान आधीपासून तसंच आहे. मी चुकलो." पुढचे काही दिवस ते टाकीच्या काठावर उभे राहून औषध बदलत राहिले, ढवळण्याचा वेग कमी करत राहिले, आणि पाणी निवळलं. त्या वर्षी त्यांची बढती पक्की मानली जात होती. ती दुसऱ्याला मिळाली. सर त्या दुसऱ्याच्या हाताखाली आजवर काम करत आले, आणि त्याबद्दल कुरकुरताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. मला मात्र त्याचा आजही राग येतो.

सर, यंदा तुम्ही वसईला परतणार आहात. तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. ग्रेसीताईंसोबत निवांत बसा, आणि पहाटेचे फोन चालूच ठेवा. सलीमभाईंना विचारलं, सरांसाठी काय लिहू? ते आता आमच्या निम्म्या साइट्स सांभाळतात. बोलायला माणूस पटाईत, पण या वेळी एकच वाक्य. म्हणाले, "लिहा, माझ्या मुलीची बारावी इथेच, शारजात झाली."