ताणावरची बाग

लातूरला तहसीलच्या आवारात अर्जनवीस म्हणून बसणाऱ्या माणसाला जमिनीचे शब्द तोलून वापरावे लागतात. माझी शाळा नववीनंतर सुटली असली, तरी ‘जिरायत’च्या जागी ‘बागायत’ पडले तर काय अनर्थ होतो, हे मला काही वकिलांहून अधिक कळते. महापालिकेला लिहिताना मी ‘उद्यान’ लिहितो, कॉलनीवाल्यांसाठी ‘बगीचा’. ‘बाग’ हा शब्द अर्जात सहसा येऊ देत नाही. चाकूरजवळच्या आमच्या गावी त्याचा अर्थ एकच : धाकट्या भावाची मोसंबी. त्याच्या घराची सारी भिस्त तिच्यावर आहे.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो, तेव्हा झाडे पिवळी पडून पानगळ लागली होती. विहिरीला पाणी होते आणि मोटर बंद होती. बहर धरण्यासाठी पाणी तोडून बाग ताणावर सोडतात, हे ऐकून ठाऊक होते. डोळ्यांनी पाहणे निराळे. थोडे तरी पाणी सोडावे, असे मी भावाला मुद्देसूद समजावले.

“अण्णा, झाडाला मरणाचं भ्या दावल्याबिगर ते फुलत न्हाई,” तो म्हणाला. “तुमच्या अर्जानं फुलत असंल तर लिहा की एक.”

ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड नाही. मधली रेघ कुठे आहे, हे त्यालाही नक्की सांगता येईना. येता-जाता तो फांदी वाकवून पाहत होता आणि ती वाळून कटकन मोडली की लगेच शेजारच्या झाडाची धरत होता.

तिसऱ्या प्रहरी कर्नाटकाच्या अंगाने ढग चढले. अवकाळी पडला असता तर ताण तुटून वर्षाचे फळ गेले असते. शेजारच्या हरभऱ्याला मात्र पाऊस हवा होता. पावसाला नको म्हणणारे आमचेच एक घर. थेंब सुरू झाले. ज्याने दुष्काळाचे असंख्य अर्ज लिहिले, तोच मी बांधावर हात जोडून उभा राहिलो.

“जा बाबा, दुसरीकडं पड.”

मायने माझे हात खाली ओढले. “असं बोलू न्हाई. त्यानं ऐकलं तर?”

थेंब थांबले. भावाने नखाने माती उकरली. खाली ती कोरडीच होती. तो हसला, माय हसली नाही.

बहर चांगला धरल्याचे त्याने फोनवर कळवले. मृग मात्र लागून गेला आहे. आभाळ अजून कोरे आहे, आणि आवारात बसून मी सारखा वर पाहतो. का, ते कोणाला सांगत नाही.