हाक्यातला माणूस

साकोलीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, श्रद्धांजली, नियुक्ती आणि निषेध हे सगळं एकाच यंत्रातून निघतं. वरचा मजकूर वाचल्याशिवाय प्रसंग कोणता हे पुष्कळदा मलाही कळत नाही, कारण खालचे हात जोडलेले चेहरे तेच असतात. परदेशातल्या कुणा धनाढ्याने आफ्रिकेत सिंह मारला, त्याच्या मानेवर पाय ठेवून काढलेला फोटो जगभर फिरला आणि जगाबरोबर साकोलीलाही संताप आला, तेव्हा तो संताप सहा बाय दहाच्या मापात माझ्याकडेच आला.

घेऊन आले होते आमच्याकडच्या वन्यजीवप्रेमी मंडळाचे सचिव. मंडळ तीन वर्षांचं होतं आणि तेवढ्या काळात त्याने एक दिनदर्शिका काढली होती. सचिवांनी दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सिंहाचा एक फोटो होता आणि अध्यक्षांचे चौदा.

"मोठं कोणाला घेऊ? सिंहाला की अध्यक्षांना?" मी विचारलं.

"अध्यक्षांना. सिंह कोपऱ्यात घ्या. पण दिसला पाहिजे बरं का भाऊ, विषय त्याचाच आहे."

अध्यक्ष म्हणजे जवळच्याच एका गावच्या जुन्या मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे, चिरंजीव. मालगुजारी जाऊन सत्तरच्या वर वर्षं झाली, पण लोक त्यांना अजून मालक म्हणतात आणि तेही कुणाची चूक दुरुस्त करत नाहीत. आमच्याकडच्या जंगलाच्या गेटवर पर्यटकांबरोबर जिप्सीत बसणारे गाइड कोण, ते दरवर्षी एक समिती ठरवते. तिच्यातही ते आहेत. ज्या समितीत चहा मिळतो तिच्यात ते असतातच.

मोर्चा निघाला. मेला होता सिंह, पण घोषणा 'वाघ वाचवा' हीच झाली, कारण पाठ तीच होती. शिकाऱ्याचा तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, पुतळा केला होता आणि त्याला साहेबी टोपी घातली होती. पेटवायच्या आधी सचिवांनी ती अलगद काढून घेतली. त्यांची स्वतःची होती, सफारीला घालायची. त्याच पावसाळ्यात इथल्याच एका धानाच्या बांधीत, रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून एक वाघीण मेली होती. तिच्यासाठी माझ्याकडे कुणी फ्लेक्स टाकला नाही. तार कुणाची होती हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो गृहस्थ मोर्चात तिसऱ्या रांगेत मूठ वळून चालला होता.

मोर्चानंतर दोन दिवसांनी एक मुलगी दुकानात आली. खाकी शर्ट, पायात कापडी बूट. गेटवर गाइड होती ती. सांबर कुठल्या बाजूने ओरडलं एवढ्यावरून वाघ कुठून कुठे चालला आहे ते सांगते, अशी तिची ख्याती मी ऐकली होती. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर काढली.

"काका, आबाजीचा फोटो आहे. उधई लागली. साफ करून मोठा करून देता का?"

फोटो काळा-पांढरा. अंगावर पंचा आणि बंडी घातलेला काटकुळा तरुण उन्हात डोळे बारीक करून उभा होता. हातात बंदूक, पायाशी मेलेला वाघ. मी तो स्कॅन करून पडद्यावर घेतला आणि वाळवीने खाल्लेला कोपरा बघत बसलो. तेवढ्यात सचिव आले, मोर्चा यशस्वी केल्याबद्दल आभाराचा फ्लेक्स टाकायला. फोटो कुणाचा म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मी माप लिहून घेत होतो तेव्हा त्यांनी पडद्यासमोर मोबाइल धरलेला मला दिसला. जुना फोटो आवडला असेल, असं मला वाटलं. त्यांच्याबद्दल इतका चांगला विचार मी एरवी करत नाही.

संध्याकाळी तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपांवर तो फोटो आला. वर लाल अक्षरात लिहिलं होतं : 'सिंह तिकडे, वाघ इकडे. आपल्याच मातीतला नरराक्षस.' आफ्रिका फार लांब होती, तिथल्या माणसाला नुसत्या शिव्या देता येत होत्या. हा हाताशी होता. तिसऱ्या दिवशी मंडळाने समितीला निवेदन दिलं की वाघाच्या मारेकऱ्याच्या नातीला गेटवर ठेवणं हा वाघाचा अपमान आहे. तिचं गाइडचं कार्ड यंदा देऊ नये. पावसाळ्यात बंद असलेलं जंगल उघडायला पंधरा दिवस होते. त्या घरात महिन्याला हमखास येणारी कमाई तेवढीच होती, आणि त्या मुलीला दुसरं काही करायचंही नव्हतं.

मी मोटरसायकल काढली आणि एकोडीच्या पुढे त्यांच्या गावी गेलो. म्हातारा अंगणात दोरी वळत बसला होता. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी एक रिकामा खिळा.

"फोटो तुमच्याच दुकानातून गेला म्हनते पोरगी," म्हातारा म्हणाला.

"हो आबाजी. चूक माझीच झाली."

"मंग साफ झाला का नाही?"

नात आतून पाणी घेऊन आली. "घ्या! याईले फोटोची पडली हाये. इथं माया कार्डाचं वाटोळं होऊन राहिलं."

मी विचारलं, वाघ कुणी मारला होता?

"मोठ्या मालकानं. आताच्या मालकाच्या बापानं. मी हाक्यात होतो जी."

शिकारबंदीचा कायदा येण्याच्या आधीची गोष्ट. आदल्या दिवशी कोतवाल वस्तीत येऊन सांगून जायचा, उद्या हाका आहे. नाही म्हणायची सोय नव्हती. सकाळी तीस-चाळीस माणसं जंगलात रांगेने सुटायची. डबे बडवत, झाडांवर काठ्या मारत, बोंबलत वाघाला उठवायचं आणि मालक ज्या मचाणावर बसले असतील तिकडे ढकलत न्यायचं. वाघ उलटला तर तो आधी या माणसांवर उलटणार. वर बसलेल्याच्या हातात बंदूक असायची, यांच्या हातात डबा.

"मग फोटोत बंदूक तुमच्या हातात कशी?"

"रोल संपवाचा होता," म्हातारा म्हणाला.

मला कळेना.

"मालकाचा पाव्हना आला होता नागपूरचा, कॅमेरा घेऊन. समद्याईचे फोटो झाले. मालकाचे झाले, पाव्हन्याचे झाले, त्याईच्या कुत्र्याचा झाला. एक फोटो उरला म्हने रोलात. मंग मालक मले म्हनते, धर बे बंदूक, हो शिकारी. समदे हासले. मी धरलो." तो दोरीला पीळ देत राहिला. "पाव्हना चांगला होता पन. फोटो पाठवला त्यानं. माया जवानीचा तेवढाच हाये."

"आणि वाघ?"

"त्याचं डोस्कं हाये ना अजून मालकाच्या बैठकीत."

ते मला माहीत होतं. प्रूफ दाखवायला गेलो की मी त्या डोक्याखालीच चहा पीत असे. सचिवही पीत. निषेध मोर्चाची बैठकही तिथेच झाली होती, आणि कुणाच्या घशात चहा अडकल्याचं मी ऐकलं नाही.

"हे बाहेर बोलाचं नाही, आबाजी," नात म्हणाली. "मालकाचं नाव घेतलं तर कार्ड गेलंच समजा. सही त्याईचीच लागते."

"मी कायले बोलतो? मले कोन इचारते?"

दुसऱ्या दिवशी विचारायला माणूस आला. तालुक्याचा नवा वार्ताहर. शहरात शिकलेला, मोठा तत्पर. म्हाताऱ्याने मालकाचं नाव गाळलं आणि बाकी खरं ते सांगितलं : मी गोळी मारली नाही, मी फक्त हाका केलो, जीव खाऊन बोंबललो, वाघ उठला. वार्ताहराला 'हाका' हा शब्द एकाच अर्थाने माहीत होता. आई अंगणातून मारते त्या. सकाळच्या अंकात मथळा होता : 'हाका मारून वाघाला सावध करणारा अवलिया.' फोटोतला वाघ मेलेला होता, ही अडचणही त्याने सोडवली होती. फोटोखाली लिहिलं होतं : 'शिकाऱ्याच्या हातून हिसकावलेली बंदूक घेऊन मृत वाघाशेजारी शोकमग्न उभे असलेले...' उन्हाने बारीक झालेले डोळे मी पुन्हा पाहिले. एकदा 'शोकमग्न' वाचल्यावर तो शोकच दिसायला लागला.

या भागातल्या कोणत्याही साठीच्या माणसाने एका वाक्यात सांगितलं असतं की हाका म्हणजे काय. कुणी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. ज्या ग्रुपांवर नरराक्षस फिरला होता त्यांवर दुपारपर्यंत हात जोडलेल्या खुणा आल्या. संध्याकाळी सचिव दुकानात हजर.

"सत्काराचा फ्लेक्स टाका. 'वनमहर्षी' लिहा."

"आणि परवाचं निवेदन?"

"ते माहितीच्या अभावी होतं. आता मुलीचं कार्ड अध्यक्ष स्वतः मंचावर जाहीर करणार आहेत."

"अध्यक्षांचा फोटो कुठला घेऊ?"

"निषेधाचाच घ्या. त्यात ते गंभीर आहेत, चालून जाईल."

मी पुन्हा एकोडीच्या पुढे गेलो. म्हातारा चिडला होता.

"मी वाचवलो नाही त्याले! मीच उठवून देलो गोलीच्या तोंडी. खोटी शाल मी घेनार नाही."

"आबाजी," नात म्हणाली, "तुमाले काही बोलाचं नाही. शाल घ्याची, खाली बसाचं. कार्ड हातात पडलं का मंग गावभर सांगा."

"तुया कार्डासाठी बसतो. माया तोंडातून खोटं निंघनार नाही."

"निंघू नका देऊ. गप राहा, झालं."

सत्कार तालुक्यातल्या एका मंगल कार्यालयात झाला. म्हाताऱ्याने धुतलेलं धोतर नेसलं होतं. नात खाकी कपड्यांत पहिल्या रांगेत बसली होती. शाल दिली, श्रीफळ दिलं, म्हातारा खाली बसला. ठरल्याप्रमाणे सगळं पार पडत होतं. मग अध्यक्ष बोलायला उठले.

कार्ड जाहीर करून ते खाली बसले असते तर हा मजकूर मी लिहिला नसता. पण ज्या माणसाला चौदा फोटो लागतात त्याला दुसऱ्याचा सत्कार सोसत नाही. त्यांनी जंगलावर बोलून घेतलं, संस्कृतीवर बोलून घेतलं आणि मग स्वतःच्या वडिलांवर आले. ते थोर पशुप्रेमी होते म्हणे. बाहेरून आलेल्या कुणा निर्दयी शिकाऱ्याने तो वाघ मारला तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. या गरीब माणसाच्या हाका ऐकून तेच धावत गेले आणि त्यांनीच त्या शिकाऱ्याला गावाबाहेर काढलं. टाळ्या पडल्या.

म्हातारा खुर्चीवरून पुढे सरकला आणि तसाच थांबला. त्याने नातीकडे पाहिलं. कार्ड अजून जाहीर व्हायचं होतं. सभागृहात त्या वेळी दुसरं कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. तिने थोडा वेळ खाली मान घातली. मग ती उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली :

"बोला, आबाजी. काय झालं ते सांगा."

म्हातारा उठला. माइकची गरज नव्हती त्याला. बोंबलायची सवय होती.

"हाका म्हंजे हाक नोहे जी. हाका म्हंजे आमी डबे पिटून वाघ मालकाच्या बंदुकीपुढं हाकलत नेवाचो. गोली याईच्या बापानं मारली. उपाशी कोनी राह्यलं नव्हतं. मालकाकडं त्या दिवशी पंगत होती, आमालेबी भात भेटला. बंदूक मी हिसकली नाही, रोल संपवाले मले धराले लावली. मले वाघाचं वाईट वाटलं का? तवा भेव वाटलं होतं. वाईट मागून वाटलं." त्याने शाल काढून घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. "नारळ नेतो. नारळाले नाव नसते कोनाचं."

मागच्या रांगांत, जिथे खेड्यातली म्हातारी माणसं बसली होती, तिथे हशा पिकला. पुढच्या रांगांनी मागे वळून पाहिलं. अध्यक्ष माइकमध्ये म्हणाले, "वय झालं आहे. अल्पोपहाराची व्यवस्था केलेली आहे." कार्डाचं नाव कुणी काढलं नाही.

समितीची बैठक चार दिवसांनी होती. गाइडांची कार्डं मीच छापतो, म्हणून नमुना घेऊन मी तिथे बसलो होतो. यादीतल्या एका नावावर अध्यक्षांनी पेन ठेवला.

"हे यंदा राहू द्या. फार वाद झाला."

वनाधिकारी बाई फाइलवरून मान न उचलता म्हणाल्या, "काढायचं तर कारण लिहावं लागेल, साहेब. काय लिहू?"

"तेच. आजोबांचा शिकारीशी संबंध."

"लिहिते. म्हणजे कोणती शिकार, कुणी केली, आजोबा कुणासाठी हाक्याला गेले होते, हे सगळं वरून विचारतील. तुमचा जबाब जोडू का? भाषणाचं रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे."

अध्यक्षांनी चहाचा कप उचलला. रिकामा होता, तरी त्यातून एक घोट घेतला. सचिव फार लक्षपूर्वक माझा नमुना पाहू लागले आणि लॅमिनेशन जरा जाड असावं, असं त्यांनी सुचवलं.

"लेकरू आहे," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "आपणच मोठं मन ठेवलं पाहिजे."

त्यांनी सही केली. मोठ्या मनाची नोंद इतिवृत्तात करून घ्यायला सचिव विसरले नाहीत.

मी दुकानात आलो आणि सगळ्यांत आधी तिचं कार्ड छापलं. ती बाहेर बाकावर बसून होती; बैठक सुरू झाल्यापासून तिथेच होती म्हणे. लॅमिनेशन अजून गरम होतं. तिने ते दोन्ही हातांत धरून आपलं नाव वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं, आणि विचारलं, "सही त्याईचीच हाये ना, काका?"

"त्यांचीच आहे."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि गेटची गाडी चुकू नये म्हणून धावत सुटली.