सत्तर टक्क्यांचा माग

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंना पीएचडीची हुक्की आली. तीस वर्षं चित्रकला शिकवलेली, त्यात आता दर बुधवारी मनोरुग्णालयात रंगांचा डबा घेऊन जाणं. कलोपचारावर प्रबंध आपण नाही तर कोण लिहिणार, असं त्यांनी स्वतःच स्वतःला पटवलं. प्रकरणं भराभर उरकली. घोडं अडलं ते संदर्भसूचीपाशी.

मार्गदर्शिका बाईंपेक्षा बावीस वर्षांनी लहान. त्यांनी एका वाक्याखाली लाल रेघ ओढली : ‘चित्रं काढणाऱ्या सत्तर टक्के रुग्णांचं नैराश्य कमी होतं.’

“हे कुठून घेतलं?”

“सगळीकडेच असतं की ते,” बाई म्हणाल्या. निदान चाळीस व्याख्यानांत त्यांनी ते ठोकून दिलं होतं, तेही हात उंचावून.

“सगळीकडे म्हणजे कुठल्या पानावर?”

बाई मुकाट ग्रंथालयात गेल्या. ग्रंथपालाने पुस्तक काढून दिलं. पुस्तकाने एका लेखाकडे बोट दाखवलं, त्या लेखाने जुन्या लेखाकडे, त्याने आणखी जुन्याकडे. चौथ्या दिवशी मूळ अहवाल हाती आला. दहा माणसं. त्यांतल्या सात जणांनी म्हटलं होतं, वर्ग आवडला, पुन्हा येऊ. नैराश्याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

“मूळ कागद कुणी उघडलाच नाही वाटतं,” ग्रंथपाल म्हणाला.

“माझ्यासकट,” बाई म्हणाल्या. दुसऱ्याचं चित्र गिरवून आणणाऱ्या पोरांना त्या वर्गाबाहेर उभं करायच्या. ते आठवून त्यांना आपणहून उठून दाराबाहेर जावंसं वाटलं.

बुधवारी त्यांनी मनोरुग्णालयातल्या वर्गात सगळं कबूल केलं. बायको गेल्यापासून गप्प झालेले एक शिंपीकाका कोपऱ्यात बसायचे. ब्रश खाली न ठेवता ते म्हणाले, “मला टक्के कुणी सांगितलेच नव्हते, बाई. इथे दोन तास ‘आता बरं वाटतंय का’ असं कुणी विचारत नाही, म्हणून येतो.”

नेमकं तेच विचारायला बाईंनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. मग म्हणाल्या, “हे प्रबंधात घालू का?”

“घाला. नाव नको. मुलगी वाचेल.”

मार्गदर्शिकेने कपाळाला आठ्या घातल्या. “एका माणसाच्या बोलण्यावरून काही सिद्ध होत नाही.”

“सिद्ध करतच नाहीये. ते असं म्हणाले, एवढंच लिहिलंय. खाली तारीख आहे.”

मार्गदर्शिकेने ते वाक्य पुन्हा वाचलं आणि राहू दिलं. बाईंनी मात्र धसका घेऊन उरलेले एकशे बारा संदर्भ मुळापासून तपासले. एकोणीस गळाले, आणि त्यांच्यावर उभी असलेली पानंही. प्रबंध आठ महिने उशिरा, चांगलाच रोडावून सादर झाला. पदवी मिळाली. तोंडी परीक्षेत संदर्भांबद्दल एकही प्रश्न आला नाही, याचं बाईंना जरा वाईटच वाटलं.