बठ्ठा हा शब्द आहे की नाही

माझ्या सख्ख्या भावाचा साखरपुडा मी जवळजवळ मोडला होता, आणि तोही एका अडीच अक्षरी शब्दापायी.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. मी जळगावला शाळेत मराठी शिकवायचे. एम.ए. झाल्याचा मला इतका अभिमान होता की पर्समध्ये कंगवा एखादवेळी विसरायचे, पण छोटा शब्दकोश कधीच नाही. आमच्या वडिलांना, म्हणजे भाऊंना, तर माझ्याहून जास्त अभिमान. (बसच्या कंडक्टरलाही ते माझी पदवी सांगत.)

धाकट्या रवीचं लग्न धुळ्याकडच्या एका खेड्यातल्या सुनंदाशी ठरलं. साखरपुड्याला आम्ही सगळे मुलीच्या घरी पोचलो, पण गुरुजींची बस वाटेत बंद पडली. वेळ घालवायला कोणीतरी शब्दांच्या भेंड्या काढल्या. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्या पक्षानं नवा शब्द द्यायचा. पंच कोण? भाऊंनी लगेच माझं नाव सुचवलं, पदवीसकट. मी पंचही झाले आणि आमच्याकडून खेळायलाही बसले. त्यात काही गैर आहे असं मला वाटलं नाही.

मुलीकडून तिचे आजोबा, आबा, खेळत होते. शाळा चौथीपर्यंत, पण एकेक शब्द असा टाकत की आमची मंडळी गार. शेवटी मी 'खराब' दिला. आबा शांतपणे म्हणाले, "बठ्ठा."

"बाद," मी म्हणाले. "असा शब्दच नाही."

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बठ्ठा गाव बोलस, आन् शबद नही शे?"

इथे कोणीही शहाणी बाई गप्प बसली असती. मी शब्दकोश काढला. चष्मा लावला. 'ब'ची पानं उलटली आणि तो शब्द नसलेलं पान आबांच्या नाकासमोर धरलं!

आबा उठले. आवाज न चढवता त्यांनी स्वयंपाकघरात निरोप धाडला की बट्ट्या तळू नका. ज्यांना आपली भाषा भाषा वाटत नाही, त्यांना आपलं जेवण तरी कशाला गोड लागेल?

आमचे बावीस पाहुणे सकाळपासून उपाशी होते. बट्ट्यांचं ऐकताच बावीस माना माझ्याकडे वळल्या. रवी तर असा बघत होता की राखी आत्ताच सोडून देतो की काय असं वाटावं. भाऊ हळूच म्हणाले, "पोरी, माफी माग." पण शब्दकोश माझ्या बाजूनं होता ना! मी ताठ बसून राहिले.

तेवढ्यात आतल्या दारातून सुनंदा बाहेर आली. नवरीच्या साडीत, सरळ माझ्यासमोर.

"ताई, तुमच्या पुस्तकात हा शब्द नाही, हे खरं. पण आबा आत्ता काय बोलले, ते तुम्हाला कळलं ना?"

"कळलं की. सगळं गाव बोलतं, असं म्हणाले."

"कळला ना? मग शब्दच तो."

एम.ए.ला दोन वर्षं मोठमोठे ग्रंथ वाचले, पण शब्दाची इतकी सोपी व्याख्या मला कोणी सांगितली नव्हती. मी उठले, आबांच्या पाया पडले आणि 'बठ्ठा' मान्य केला. आबांनी बट्ट्या तळायला सांगितल्या. मग मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "आते तू. 'ठ' वरथून."

आणि मला 'ठ'वरून एकही शब्द आठवेना. ताट मांडलेलं, पुढ्यात वाटीभर ठेचा, आणि मी छताकडे बघत बसलेली. आम्ही हरलो.

उशिरा का होईना गुरुजी आले आणि साखरपुडा झाला. परतताना बसमध्ये भाऊ कंडक्टरला सांगत होते, "आमची होणारी सून. काय बोलते!" माझ्या पदवीचा उल्लेख नव्हता. पण खरं सांगते, सुनंदाचा मलाही त्यांच्याइतकाच अभिमान वाटत होता.

पुढे दर दिवाळीला आबांच्या घरी भेंड्या व्हायच्या आणि मी नेमानं हरायचे. सहाव्या वर्षी मात्र जिंकले. जळगावला येऊन गल्लीभर पेढे वाटले. पेढे संपल्यावर सुनंदानं सांगितलं, त्या दिवशी आबांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं, "बिचारी एम.ए. शिकेल शे. एकदा तरी जिकू द्या तिले."